पुढच्या रांगेतला आवाज

आमच्या सोसायटीतल्या लोकांना दर डिसेंबरात बालपण आठवतं. कुणाचं, ते मात्र विचारायचं नाही.

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर आमची सोसायटी आहे. नाव इटालियन, पाणी टँकरचं. त्यात मराठी घरं वीस-बावीस. पुण्याची, नागपूरची, मुंबईची, आणि एक कोल्हापूरचं, जे बाकीच्या सगळ्यांना नावं ठेवतं. गणपतीत आम्ही एकत्र येतो आणि भांडतो, मग दिवाळी पहाटेला पुन्हा एकत्र येतो आणि राहिलेलं भांडण पूर्ण करतो. गेल्या वर्षी सुचेताने ग्रुपवर जाहीर केलं, की यंदाचा नाताळचा कार्यक्रम मराठी मंडळींनी करायचा. विषय तिनेच ठरवून टाकला होता: टीव्हीवरचा आपल्या लहानपणीचा नाताळ.

सुचेता नागपूरची. एका मोठ्या कंपनीत ती माणसं कामावर घेते आणि काढते, उरलेल्या वेळात सोसायटीचे सांस्कृतिक कार्यक्रम करते, आणि दोन्हीकडे तिचा आवाज सारखाच गोड असतो. तिने एक लांबलचक मेसेज लिहिला होता. ते नाताळचे खास कार्यक्रम, ती गाणी, रजईत बसून कोको पीत बघितलेला तो बर्फ, असं सगळं. नागपुरात कोको म्हणे. माझी मावशी नागपूरला असायची. नाताळच्या सुट्टीत भर दुपारी आम्ही तिच्या गच्चीवर बनियनवर बसून संत्री खायचो. कोको म्हटलं असतं तर मावशीला ते शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं नाव वाटलं असतं.

पण बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असला, की वाढायला सगळेच पुढे येतात. मेसेजखाली लगेच आठवणींची रांग लागली. सुचेताचा नवरा मल्हार मुंबईचा, म्हणजे खरं तर बदलापूरचा, पण बेंगळुरूत आलं की बदलापूर मुंबईत येतं. त्याला म्हणे नाताळची गाणी कानावर पडली, की अजूनही गलबलून येतं. हा माणूस घरी स्पीकर इतके मोठे वापरतो, की आम्हाला खालच्या मजल्यावर रोज गलबलून येतं. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. पुण्याला आमच्याकडे पंचवीस डिसेंबरला टीव्हीवर पांढरे झगे घातलेली मुलं गायची, आई म्हणायची, बघ कशी शिस्तीत उभी आहेत, आणि सहामाहीचे गुण आठवून टीव्ही बंद करायची. एवढाच आमचा नाताळ. तरी त्या मेसेजखाली मी बदाम टाकला. लोकांच्या आठवणींना विरोध करून सोसायटीत राहता येत नाही.

या सगळ्या गर्दीत टीव्हीवरच्या नाताळशी खरा संबंध असलेलं माणूस एकच होतं, आणि ते माझ्याच घरात गप्प बसलं होतं. माझी बायको, शलाका.

शलाका इथलीच. तिचं घराणं बेंगळुरूत पावणेचारशे वर्षं आहे. शहाजीराजांबरोबर आलो, असं माझे सासरे सांगतात, आणि सांगण्याच्या पद्धतीवरून ते स्वतः घोड्यावर होते असं वाटतं. इतक्या पिढ्यांत त्यांची मराठी टिकली. आमच्या सोसायटीत ती दुसरीच्या वर्गापर्यंतही टिकत नाही. मात्र तिच्यात कानडी अशी मुरलीय, की लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी सासरवाडीला नुसती मान हलवून काढलं. सासऱ्यांचं नाव हणमंतराव. सरकारी छापखान्यातून निवृत्त झाले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जुन्या मल्लेश्वरमला राहतात. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. सासऱ्यांच्या आयुष्यात त्यांच्या मते एकच मोठी गोष्ट घडली. त्यांची मुलगी टीव्हीवर गायली.

ती कथा मला पाठ आहे. शलाका कॉन्व्हेंटमध्ये चौथीत होती. शाळेच्या संगीताच्या बाईंनी स्वतः एक कानडी नाताळगीत रचलं होतं. एक लंगडं कोकरू बाळाला बघायला निघतं. ते गोठ्यात पोचेपर्यंत राजे आपापल्या भेटी देऊन परत गेलेले असतात. कोकराकडे द्यायला काही नसतं, म्हणून ते बाळाच्या पायांशी ऊब देत झोपून जातं. तर हे गाणं त्या वर्षी टीव्हीच्या नाताळच्या खास कार्यक्रमात शाळेच्या मुली गायल्या, आणि पुढच्या रांगेत मधोमध शलाका होती. सासऱ्यांनी सबंध गल्लीला घरी बोलावलं. सासूबाईंनी टीव्हीला हळदकुंकू लावलं. कार्यक्रम येशूचा असला तरी पोर आपली होती. सासऱ्यांनी टू-इन-वन टीव्हीसमोर धरून गाणं कॅसेटवर उतरवलं. त्यात मधेच कुणीतरी विचारतं, आपली कुठली, आणि सासरे सांगतात, मधली, तो बारीक गोड आवाज तिचाच.

पुढची पंचवीस-तीस वर्षं ही कॅसेट दर नाताळला लागत आली. घरी आलेला पाहुणा, गॅसवाला, इन्शुरन्सवाला, कुणी सुटलं नाही. आमच्या लग्नाच्या वेळी माझ्या आईने विचारलं, मुलीला गाणं येतं का. सासरे म्हणाले, टीव्हीवर गायली आहे. त्यावर म्हणून दाखव म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. सरकारने पास केलेल्या मुलीची फेरपरीक्षा आम्ही कोण घेणार? मग कधीतरी त्या जुन्या यंत्राने कॅसेट गिळली. तेव्हापासून सासरे ते गाणं तोंडी सांगतात, आणि तोंडी सांगितल्यामुळे आवाज दर वर्षी आणखी गोड होत चाललाय.

डिसेंबरच्या सुरुवातीला सासरे आमच्याकडे राहायला आले होते. संध्याकाळी खाली फिरायला गेले आणि बाकावर सुचेताच्या शेजारी बसले. यापलीकडे काही सांगायची गरज नाही. अर्ध्या तासाने सुचेता आमच्या दारात उभी होती, डोळ्यांत पाणी, हातात फोन. एवढी मोठी गोष्ट तू आमच्यापासून लपवून ठेवलीस, असं ती शलाकाला म्हणाली. मग तिने कार्यक्रम तिथल्या तिथे ठरवला. शलाका तेच गाणं एकटी गाईल, मागे आम्ही सगळे कोरस, आणि काकांची खुर्ची पहिल्या रांगेत. सासरे मागून लिफ्टमधून आले तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला. सासूबाई गेल्यापासून इतका खूश चेहरा मी बघितला नव्हता.

शलाका कानडीत सरी, सरी म्हणाली, म्हणजे ठीक आहे. आत गेली आणि कुकरमध्ये पाणी न घालता तांदूळ लावले. जळल्याचा वास आल्यावर मी गॅस बंद केला. सासरे दिवाणखान्यात फोनवर मल्लेश्वरमला आमंत्रणं करत होते. शलाकाने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

“अवधूत, मी गायलेच नव्हते,” ती म्हणाली.

बाईंनी तिला पुढे उभं केलं, कारण तिच्या दोन लांब वेण्या होत्या आणि गालाला खळी पडायची. कॅमेऱ्याला बरं दिसेल. पण तालमीत तिचा आवाज ऐकून बाईंनी तिला बाजूला घेतलं. तू नुसते ओठ हलव, म्हणाल्या, आवाज अजिबात काढू नकोस, सगळ्यांचं गाणं बिघडेल. तो बारीक गोड आवाज मागच्या रांगेतल्या एका मुलीचा होता. तिचा पुढचा दात पडला होता, म्हणून ती मागे.

मी हसलो. म्हणजे बघा, माझ्या आईने एवढ्या विश्वासाने पत्करलेली टीव्हीची गायिका, तीन दशकं गाजलेली कॅसेट, गॅसवाल्याने निमूटपणे ऐकलेलं ते गाणं, आणि आत काय तर दात पडलेली दुसरीच कुणी पोरगी. मी बराच वेळ हसलो. मग लक्षात आलं, की शलाका हसत नाहीये.

आणि मग एकेक आठवायला लागलं. गणपतीत आरतीला ती माझ्या शेजारीच उभी असते. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. ओठ हलतात, टाळी बरोबर पडते, आवाज नाही. वाढदिवसाला सगळे गायला लागले, की ही फोटो काढायला मागे सरकते. आमची सिद्धी लहान असताना रात्री झोपेना, तेव्हा ही फोनवर अंगाई लावायची. आम्ही पुणेकर म्हटल्यावर मी तेव्हा बोललोही होतो, टीव्हीवर गायलेल्या बाईला घरी गायला कमीपणा वाटतो वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीला कुणीतरी आवाज काढू नकोस म्हणून सांगितलं, आणि तिने तो आजतागायत काढला नाही. मला फार वाईट वाटलं. आणि मी करपलेला भात खरवडत बसलो.

शेवटी मी म्हणालो, सांगून टाकू त्यांना, म्हातारा माणूस आहे, समजून घेतील. ती नाही म्हणाली. “आई गेल्यावर त्यांच्याकडे कुणाला सांगण्यासारखं एवढंच उरलंय. आणि ते ज्या मुलीचं कौतुक करतात ती मी नाहीच, हे त्यांना कसं सांगू?” मग ती रडली, तेही आवाज न करता. तिला त्याची सवय होती, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा अक्कल पाजळायची पाळी माझ्यावर आली. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत लोकांच्या अडचणी सोडवण्याचा पगार घेतो. त्या सोडवण्याच्या पद्धतीमुळे दुसऱ्या अडचणी तयार होतात, आणि त्यासाठी आमच्याकडे दुसरं खातं आहे. मी म्हटलं, तुला ओठ हलवण्याचा अनुभव आहेच. आवाज दुसरा लावू. शलाकाची चुलत बहीण अक्षरा मल्लेश्वरमला गाण्याच्या शिकवण्या घेते. कॅसेट ऐकत मोठी झालेली, गाणं तिला पाठ. तिने आपल्या घरी ते फोनवर गाऊन पाठवलं, काहीही न विचारता. मल्हार ते स्पीकरवर लावणार आणि शलाका पुढे उभी राहून ओठ हलवणार होती. मल्हारला मी शपथ घातली, म्हणजे सुचेताला त्याच दिवशी कळलं. तिला काही वाटलं नाही. उलट रिस्क गेली म्हणाली, आणि हल्ली मोठमोठे गायकही असंच करतात अशी माहिती पुरवली. ज्या कार्यक्रमात बर्फ साबणाचा आणि आठवणी उसन्या, त्यात आवाज तेवढा अस्सल कशाला हवा, असं मलाही वाटलं.

तालमी सुरू झाल्या. कोरसला आम्ही दहा-बाराजण होतो. गाणं कानडीत, आमच्यापैकी निम्म्यांना दुधवाल्याशी बोलण्यापलीकडे कानडी येत नाही. पण खरी पंचाईत भाषेची नव्हती, टाळीची होती. मराठी माणूस उभ्याने सामुदायिक गायला लागला, की त्याचे हात आपोआप टाळीवर जातात. आणि टाळी सुरू झाली की ती एका लयीत राहत नाही. आरती कशी होते ते आपल्याला ठाऊक आहे. पहिली भक्तीने, दुसरी उत्साहाने, आणि शेवटची अशी, की पाठीमागे पोलीस लागलेत. समोर प्रसाद दिसत असतो, त्याला इलाज नाही. पहिल्या तालमीत पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात आम्ही अक्षराच्या पुढे निघालो, आणि आमचं कोकरू राजांच्या आधी गोठ्यात पोचलं. गाणं संपताच कोल्हापूरचे नागोजीराव डोळे मिटून स्वतःभोवती फिरले. त्यांनी प्रदक्षिणा घातली हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

सुचेताने हुकूम काढला. टाळी बंद, हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. आम्ही शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे राहायला लागलो आणि गाणं जमलं. नेपथ्याचा प्रश्न त्याआधीच सुटला होता. गणपतीतला थर्माकोलचा कैलास तळघरात पडून होता. सुचेता म्हणाली, पर्वत तसाच ठेवा, फक्त नंदी काढा. शिखरावर कापूस चिकटवला आणि कैलासाचा उत्तर ध्रुव झाला. साबणाचा फेस उडवणारं यंत्र भाड्याने आलं. त्या आठवड्यात पाण्याचे टँकर कमी आले होते, सकाळी तासभरच नळाला पाणी असायचं. पण बर्फासाठी पाणी राखून ठेवण्यात आलं.

नाताळच्या दिवशी सासऱ्यांना मल्लेश्वरमहून मी गाडीने आणलं. त्यांनी लग्नातला कोट घातला होता. त्यांनी बोलावलेल्यांपैकी कुणी आलं नाही. मल्लेश्वरमच्या हिशेबाने सर्जापूर रोड म्हणजे तमिळनाडू. सासऱ्यांनी मनाला लावून घेतलं नाही. क्लबहाऊसमध्ये पहिल्या रांगेत मधोमध बसले आणि डावीकडच्याला नि उजवीकडच्याला सांगून ठेवलं, की स्वल्प लक्ष द्या, तो बारीक आवाज तिचा. शलाका मंचामागे उभी होती. मी म्हटलं, काही होत नाही, तीन कडव्यांचा तर प्रश्न आहे. असली वाक्यं मी ऑफिसातही म्हणतो.

सुचेताने प्रास्ताविक केलं. त्यात रजई आली, कोको आला, आणि आता आपल्या लाडक्या शलाकाकाकू हे तिने असं म्हटलं, की शलाका तिच्याहून वर्षभराने लहान आहे हे कुणाला खरं वाटू नये. मग दिवे मंद झाले, मल्हारने बटण दाबलं, आणि अक्षराचा आवाज आला. सुंदर आवाज होता. शलाकाचे ओठ त्यावर इतके नेमके हलत होते, की मला ठाऊक असूनही मी क्षणभर फसलो. कोरसमधून, हात पाठीशी बांधून, मी सासऱ्यांकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलवत होते. बाप-लेक दोघंही आवाज न काढता तेच गाणं म्हणत होते. पहिलं कडवं निर्विघ्न पार पडलं.

दुसऱ्या कडव्याला बर्फ सुटला. फेस पहिल्या तीन रांगांवर पडायला लागला, पोरं किंचाळत पुढे धावली, आणि त्या आनंदात प्रेक्षकांतल्या कुणीतरी टाळी धरली. ती कुणी धरली यावर ग्रुपमध्ये नंतर बरीच चर्चा झाली, पण निम्मा हॉल मराठी होता, संशयित अनेक होते. बघता बघता सगळ्या रांगांनी ती उचलली. आमचे हात पाठीमागे चुळबुळायला लागले. आधी नागोजीरावांचे सुटले, मग सगळ्यांचे, आणि माझेही सुटले हे मी कबूल करतो. एकदा टाळी पडल्यावर लय कुणाच्या बापाची राहते? आम्ही धावत सुटलो. दुसरं कडवं, तिसरं कडवं, कोकरू चालतंय, कोकरू पळतंय, कोकरू गोठ्यात, संपलं.

शलाकाने पहिल्यांदा आवाजाची साथ धरली. मग आमच्याकडे वळून पाहिलं आणि आमची धरली. मग तिला दोन्ही सापडेनात, आणि तिने तोंड मिटलं. आम्ही शेवटच्या ओळीवर दणक्यात थांबलो, नागोजीराव स्वतःभोवती फिरले, आणि हॉल शांत झाला. त्या शांततेत स्पीकरमधून अक्षरा निवांत गात होती. तिचं कोकरू अजून वाटेतच होतं. मंचाच्या मधोमध शलाका तोंड मिटून उभी, आणि तिचा आवाज चाललाय. मल्हार घाबरला आणि आवाज बंद करण्याऐवजी त्याने मोठा केला. मग बंद केला.

लोक हसले. बऱ्याचजणांना ती ठरवून केलेली गंमत वाटली आणि ते टाळ्या वाजवायला लागले. सुचेताने माइक घेऊन तांत्रिक अडचण असं काहीतरी जाहीर केलं आणि माइक पुन्हा स्टँडला लावून मल्हारकडे धावली. सासरे हसले नाहीत. ते उठले, कोटावरचा फेस झटकला आणि मंचापाशी आले. मंच गुडघ्याएवढाच उंच होता. दोघं समोरासमोर उभी राहिली, मधे माइक. तो चालू होता, पण हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

“हा आवाज अक्षराचा,” सासरे म्हणाले.

“हो, अण्णा.”

“तुझा घसा बसला काय गं?”

त्यांनी स्वतःच वाट करून दिली होती. हो म्हटलं, की सगळं निभावत होतं. मी मागून जोरजोराने मान हलवली, हो म्हण, हो म्हण. शलाकाने माझ्याकडे बघितलंही नाही.

“घसा बरा आहे, अण्णा. टीव्हीवरचा आवाजही माझा नव्हता. बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितले होते.”

हे सबंध क्लबहाऊसने ऐकलं. सोसायटीत एवढी शांतता मी फक्त मेंटेनन्स कुणाचा थकलाय ते वाचून दाखवतात तेव्हा अनुभवली आहे. सासरे तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी कोटाची गुंडी सोडली. मला वाटलं, आता त्यांना सांभाळायला खाली उडी मारावी लागणार. तेवढा एकच तर दागिना होता त्यांच्याकडे, आणि तो आम्ही भर सभेत खोटा ठरवला होता.

“मग तू कधी गायलीस?” त्यांनी विचारलं.

“कधीच नाही.”

“घरीसुद्धा?”

तिने मान हलवली. त्यांच्या मागे लोक एकमेकांकडे बघत होते, एक पोरगं फेसात घसरून पडलं आणि उठलं.

“म्हणजे मी तुला अजून ऐकलंच नाही,” ते म्हणाले.

ते वळले, आपल्या खुर्चीपाशी गेले, रुमालाने ती पुसली आणि बसले. कोटाची गुंडी लावली. “सरी,” ते म्हणाले. “आता म्हण.”

शलाका गायली. साथ नाही, कोरस नाही, आम्ही सगळ्यांनी हात पुन्हा पाठीमागे बांधले होते. मी तिचा नवरा आहे आणि मला घरी राहायचंय, तरी खरं तेच सांगतो. बाईंचा कान चोख होता. आवाज जाड, चढायचं तिथे उतरणारा, उतरायचं तिथे अडखळणारा. पहिल्या ओळीला काहीजणांनी खाली बघितलं. दुसऱ्या ओळीला सुचेताने डोळे मिटले, आणि ते आठवणींनी नव्हते मिटले. कोकरू लंगडं आहे हे त्या गाण्यात मला पहिल्यांदाच ऐकू आलं. मी बारा महिने तेरा काळ बोलणारा माणूस, पण तेव्हा मी नुसता ऐकत होतो, कारण माझी बायको गात होती आणि तिचा आवाज असा आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

पहिलं कडवं संपलं. शलाका थांबली, धाप लागल्यासारखी. सोसायटीने सुटकेचा श्वास सोडला. सुचेता तेवढ्यासाठीच टपली होती. तिने घाईघाईने टाळ्यांना सुरुवात केली, मंचावर चढली आणि माइककडे हात नेत पुढच्या नृत्याच्या मुलांना बोलवायला लागली.

पहिल्या रांगेतून सासऱ्यांनी हात वर केला. सुचेताकडे त्यांनी बघितलंही नाही, ते मुलीकडेच बघत होते.

“स्वल्प थांबा,” ते म्हणाले. “अजून दोन कडवी आहेत.”

सुचेता बाजूला झाली. शलाकाने वेणी नसलेले केस मागे सारले आणि दुसरं कडवं सुरू केलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.